दिव्यांग आणि अल्पसंख्याक मुलांची शिष्यवृत्ती: सांगली जिल्ह्यातल्या पालकांसाठी, पहिल्या कागदापासून

माझ्या लेकीची पहिली शिष्यवृत्ती मंजूर झाली, पोर्टलवर ‘रक्कम वितरित’ असं आलं, आणि पासबुकात मात्र एक रुपयाही जमा नाही. तीन महिने मी बँक, कॉलेज आणि पुन्हा बँक असे हेलपाटे घातले. शेवटी काउंटरवरच्या एका मुलीने आधार क्रमांक टाकून बघितला आणि म्हणाली, “भाभी, पैसे आलेत. पण तुम्ही ज्याचं पासबुक आणलंय त्या खात्यात नाही आलेले.” लेक आठवीत असताना शाळेने तिचं शून्य शिलकीचं एक खातं काढून दिलं होतं. आम्ही ते पार विसरलो होतो. शिष्यवृत्तीची यंत्रणा मात्र आधारला जोडलेलं खातं शोधत गेली आणि पैसे तिथे टाकून मोकळी झाली. ते खातं इतकी वर्षं न वापरल्याने बंद पडलेलं. ते चालू करून घेण्यात आणखी पंधरा दिवस गेले, आणि तोवर हॉस्टेलची फी उसनवारीवर भरून झाली होती.

आम्ही मिरजेचे. आमच्या यांचं काम तंतुवाद्यांचं, सतार-तानपुऱ्याच्या जवारीचं, म्हणजे तार नीट गुंजावी म्हणून घोडी घासण्याचं. लेक जन्मतः कर्णबधिर. लहानपणी तानपुऱ्याच्या भोपळ्यावर तळवा ठेवून तारेचा कंप ओळखायची. आता ती डिप्लोमाला आहे. तिच्यासाठी धावपळ करता करता गल्लीतल्या, नात्यातल्या आणि तपासणीच्या रांगेत भेटलेल्या बऱ्याच पालकांचे अर्ज माझ्या हातून भरले गेले. काही योजना खरोखरच बंद झाल्यात, त्याचं दुःख आहेच. पण ज्या चालू आहेत त्यांचे पैसेसुद्धा मुलापर्यंत पोचत नाहीत, आणि बहुतेक वेळा कारण पात्रतेचं नसतं. चार कागदांवरची नावं जुळत नाहीत, प्रमाणपत्राची मुदत संपलेली असते, खातं चुकीचं असतं. म्हणून योजनांकडे मी नंतर येते. आधी कागद.

पहिलं काम: चार कागद शेजारी शेजारी ठेवा

आधार कार्ड, शाळेचा दाखला, दहावीचं गुणपत्रक (नसेल तर शेवटच्या वर्षाचा निकाल) आणि बँक पासबुक. जमिनीवर मांडा आणि नाव अक्षर अक्षर लावून बघा, मराठीतलं आणि इंग्रजीतलंही. आमच्याकडे ‘शेख’ इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, ‘मुल्ला’मध्ये एक अक्षर कमी-जास्त होतं, आधारवर वडिलांचं नाव नसतं आणि गुणपत्रकावर असतं. आपल्याला ते एकच माणूस वाटतं, संगणकाला नाही वाटत. जन्मतारीखही तपासा.

कुठला कागद बदलायचा? शक्यतो दहावीचं गुणपत्रक प्रमाण धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा, कारण आधार आणि बँकेतली दुरुस्ती बोर्डाच्या कागदापेक्षा सोपी असते. मूल अजून दहावीला बसलेलं नसेल तर तुम्ही नशीबवान. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली चूक मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. एकदा दाखला हातात पडला की तेच काम कैक पटीने अवघड होतं.

अल्पसंख्याक मुलांसाठी दाखल्यावरचा धर्माचा रकानाही महत्त्वाचा. केंद्राने मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन, असे सहा समाज अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलेले आहेत. आपल्या जिल्ह्यात जैन शेतकरी कुटुंबं पुष्कळ, आणि त्यांच्या जुन्या दाखल्यांवर ‘हिंदू जैन’ असं सर्रास लिहिलेलं सापडतं. भिलवडीकडच्या एका मुलाचा अर्ज याच दोन शब्दांमुळे परत आला होता. त्याच्या धाकट्या बहिणीचा दाखला आम्ही ती नववीत असतानाच नीट करून घेतला. अर्जासोबत अल्पसंख्याक असल्याचं स्वयंघोषणापत्र लागतं. ते आणि दाखला एकमेकांशी विसंगत नसावेत, एवढं बघा.

दिव्यांग मुलांसाठी: यूडीआयडी कार्डाशिवाय पुढे पाऊल टाकू नका

इथे मी जरा सविस्तर सांगते, कारण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व मोजलेलं आहे. हातापायाचं, दृष्टीचं, ऐकण्याचं तर आहेच, पण स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल, ठेंगणेपणा, अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेले, हेही त्यात येतात. ‘आमचा मुलगा काही अपंग नाही, फक्त त्याला वाचायला जमत नाही’ असं म्हणणाऱ्या आईला मी नेहमी थांबवते. त्याची तपासणी करून घ्या. कायद्याने तो कदाचित या २१ मध्ये असेल. शिष्यवृत्तीसाठी मात्र दिव्यांगत्व किमान ४० टक्के लागतं.

यूडीआयडी म्हणजे देशभर चालणारं दिव्यांगत्वाचं ओळखपत्र. त्याचा अर्ज केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर भरायचा. फोटो, सही किंवा अंगठा, आधार, पत्त्याचा पुरावा अपलोड करायचा आणि तपासणीसाठी रुग्णालय निवडायचं. आपल्याकडे सांगलीचं पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, म्हणजे आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते, आणि मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. साताऱ्याच्या लोकांसाठी क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय.

अर्ज भरून लगेच रुग्णालय गाठू नका. कुठल्या प्रकारच्या दिव्यांगत्वाची तपासणी कुठल्या वारी असते ते आधी विचारून घ्या. जत तालुक्यातल्या एका गावाहून अंध मुलाला घेऊन त्याचे आजोबा आले होते. पहाटेची गाडी धरलेली, आणि त्या दिवशी नेत्रतज्ज्ञांचा वार नव्हता. आजोबा काही बोलले नाहीत, फक्त नातवाच्या डोक्यावरची टोपी सारखी करत बसले. जतहून सांगली म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि एका मजुरीचं नुकसान. एक चौकशी केली असती तर ते वाचलं असतं, पण कुणाला विचारायचं हेच त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून सांगते, गावातली आशा ताई किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र यांच्याकडे तपासणीच्या वाराची चौकशी करता येते.

तपासणीला जाताना आधीचे सगळे रिपोर्ट न्या. कर्णबधिर मुलांना ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), आणि लहान मूल असेल तर बेरा (कानापासून मेंदूपर्यंत आवाज पोचतो का ते बघणारी) चाचणी सांगतात. दोन्ही कानांना ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त ऱ्हास असेल तर कायद्याच्या भाषेत बधिर, ६० ते ७० च्या दरम्यान असेल तर कमी ऐकू येणारा. बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमतेच्या मुलांसाठी शाळेच्या वह्या, प्रगतिपुस्तक, शिक्षकांचं पत्र असं काही सोबत असलं तर डॉक्टरांना मुलाचं रोजचं चित्र दिसतं.

कार्डावर रंगाची पट्टी असते. ४० टक्क्यांच्या खाली पांढरी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० आणि वर निळी. कार्ड हातात आलं की दोन गोष्टी वाचा. पहिली, टक्केवारी. दुसरी, प्रमाणपत्र कायमचं आहे की तात्पुरतं. लहान मुलांना बऱ्याचदा तात्पुरतं देतात आणि त्यावर फेरतपासणीची तारीख असते. ती तारीख शिष्यवृत्तीच्या हंगामात येत असेल तर दोन-तीन महिने आधीच नूतनीकरणाला लागा. ज्यांच्याकडे २०१२ नंतर निघालेलं जुनं संगणकीय प्रमाणपत्र किंवा त्याहून जुना कागदी दाखला आहे, त्यांनी तो जपून ठेवावा, पण त्यावर विसंबू नये. पोर्टल यूडीआयडी क्रमांकच मागतं.

उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला

दोन्ही तहसीलदारांचे, अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेवा केंद्रात. नोकरी असेल तर फॉर्म १६, नसेल तर तलाठ्यांचा अहवाल. आमच्यासारख्या कारागिरांना पगारपत्रक नसतं, त्यामुळे तलाठ्यांकडे जाताना रेशनकार्ड, वीजबिल आणि घरात कोण काय कमावतं याची खरी माहिती तयार ठेवा. आकडा कमी लिहून घेण्याचा मोह टाळा. पुढच्या वर्षी खरा आकडा आला की दोन्ही दाखले संशयात सापडतात.

नवं आर्थिक वर्ष सुरू झालं की, म्हणजे एप्रिल-मे मध्येच, हे काढून ठेवा. जूनमध्ये दहावी-बारावीची सगळी गर्दी त्याच खिडकीवर लोटते. विद्यार्थ्यांच्या दाखल्यांच्या प्रतिज्ञापत्रासाठी लागणारा ५०० रुपयांचा मुद्रांक शासनाने २०२५ मध्ये माफ केला आहे. कुणी स्टॅम्पपेपर आणा म्हणालं तर हे नम्रपणे सांगा. दाखला ठरल्या मुदतीत मिळाला नाही तर सेवा हक्क कायद्याखाली अपील करता येतं. नुसता तो शब्द उच्चारला तरी कामं हलतात, हा माझा अनुभव आहे.

बँक खातं: आमची चूक तुम्ही करू नका

खात्याला आधार ‘लिंक’ असणं आणि खातं ‘डीबीटीसाठी सीड’ असणं (म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी नोंदलेलं असणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी पैसा आधारच्या मागे असलेल्या एकाच खात्यात जातो, आणि जे खातं शेवटी सीड झालं तेच धरलं जातं. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ म्हणून सोय आहे. मुलाचा आधार क्रमांक आणि ओटीपी टाकला की कुठल्या बँकेचं नाव येतं ते बघा. तुम्हाला हव्या त्या बँकेचं नसेल तर त्या बँकेत जाऊन सीडिंगचा अर्ज द्या, आणि आठवड्याभराने पुन्हा तपासा. बँकेत फारच टोलवाटोलवी झाली तर पोस्टमनकडून पोस्टाच्या पेमेंट्स बँकेचं खातं काढून घ्या. ते घरी बसून, आधारवर निघतं.

खातं मुलाच्या नावावर हवं. आणि त्यात अधूनमधून शंभर-दोनशे टाकत-काढत राहा.

आता योजना: कुठला दरवाजा ठोठवायचा

एक नियम आधी मनात पक्का करा. एका वर्षाला, एका अभ्यासक्रमासाठी साधारणपणे एकच सरकारी शिष्यवृत्ती घेता येते. माझी लेक अल्पसंख्याकही आहे, दिव्यांगही आहे, मुलगीही आहे. म्हणून तीन ठिकाणी अर्ज केला तर तिन्हीकडे अडकेल. आधी तुलना करायची, मग एकच निवडायची.

शाळकरी दिव्यांग मुलांसाठी सुरुवात शाळेतच होते. मुख्याध्यापकांना विचारा की यू-डायसवर (शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत) माझ्या मुलाची नोंद विशेष गरजा असलेलं मूल अशी झाली आहे का. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी शालेय योजनेतले प्रवासभत्ता, मदतनीस भत्ता, वाचक भत्ता, साहित्य-साधनं यांपैकी काहीच त्याच्यापर्यंत येत नाही. मुलींना याच योजनेतून महिना २०० रुपये, वर्षाचे दहा महिने मिळतात. रक्कम लहान आहे, पण त्या निमित्ताने पंचायत समितीच्या गट साधन केंद्रातले विशेष शिक्षक मुलीला ओळखू लागतात, आणि पुढे तीच ओळख कामाला येते. याशिवाय राज्याची मॅट्रिकपूर्व दिव्यांग शिष्यवृत्ती शाळेमार्फत जिल्हा परिषदेकडे जाते. ‘प्रस्ताव पाठवला का?’ हे विचारणं तुमचं काम आहे. शाळेला शेकडो कामं असतात.

नववी-दहावीत केंद्राची मॅट्रिकपूर्व दिव्यांग शिष्यवृत्ती आहे आणि अकरावीपासून पदव्युत्तरपर्यंत मॅट्रिकोत्तर. दोन्ही राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर, दोन्हींना कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. यात निर्वाहभत्ता, पुस्तकांसाठी रक्कम आणि दिव्यांगत्व भत्ता असे भाग असतात. वसतिगृहात राहणाऱ्याला घरून जाणाऱ्यापेक्षा जास्त मिळतं, म्हणून तो रकाना नीट भरा. राज्याची मॅट्रिकोत्तर दिव्यांग शिष्यवृत्ती वेगळी, ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या पोर्टलवर.

तंत्रशिक्षणाला जाणाऱ्या दिव्यांग मुलांनी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, ‘सक्षम’ शिष्यवृत्ती आधी बघावी. मान्यताप्राप्त संस्थेत डिप्लोमा किंवा डिग्रीच्या पहिल्या वर्षाला, किंवा थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, ४० टक्के दिव्यांगत्व आणि उत्पन्न ८ लाखांपर्यंत. वर्षाला ५०,००० रुपये, अभ्यासक्रम संपेपर्यंत. आम्ही तीच घेतली. शासकीय तंत्रनिकेतनाची फी तशी कमी असते, त्यामुळे फी परत देणाऱ्या योजनेपेक्षा रोख ५०,००० मध्ये फी, पुस्तकं आणि श्रवणयंत्राचा खर्च भागतो असा आमचा हिशेब होता. खाजगी कॉलेजची फी लाखात असेल तर हाच हिशेब उलटा येईल. कागद-पेन घेऊन बसा. मुलींसाठी याच धर्तीची ‘प्रगती’ आहे. तिच्यातही ५०,००० रुपयेच, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत.

प्रवेशाच्या वेळीच हेही लक्षात असू द्या. २०१६ च्या कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत आणि वयात ५ वर्षांची सवलत आहे. प्रवेश अर्जात दिव्यांगचा रकाना न भरता ‘नंतर सांगू’ म्हणणाऱ्यांची जागा जाते.

अल्पसंख्याकांच्या बाबतीत खरं चित्र सांगितलं पाहिजे. केंद्राची पहिली ते आठवीची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. मुलींची बेगम हजरत महल शिष्यवृत्ती बंद झाली. पीएच.डी.साठीची मौलाना आझाद फेलोशिपही नव्या मुलांना मिळत नाही. नववीपासून पुढच्या केंद्रीय अल्पसंख्याक योजना पोर्टलवर त्या वर्षी उघडलेल्या दिसल्या तरच अर्ज करा, आणि त्या पैशांवर घरचा हिशेब बांधू नका. आमच्या गल्लीत अजून ‘त्या अल्पसंख्याकच्या फॉर्मचं काय झालं’ म्हणून लोक विचारतात. त्यांना खोटी आशा दाखवणं मला जमत नाही.

मग उरतं काय? पुष्कळ उरतं. राज्याची, उच्च आणि व्यावसायिक शिक्षण घेणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर आहे, उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय आणि साधी पदवी यांच्यासाठी वेगवेगळ्या विभागांच्या नावाखाली ती दिसते.

शिवाय जातीचा दरवाजा विसरू नका. मोमीन, तांबोळी, अत्तार, बागवान, पिंजारी, मण्यार हे समाज महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जात लिहिलेली असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेयर काढा. २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) आणि एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) मुलींना, ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक पदवीला प्रवेश घेतल्यावर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कितीतरी मुस्लिम घरांत हे माहीतच नाही, कारण ‘आपण अल्पसंख्याक’ एवढंच डोक्यात असतं. जातीच्या दाखल्याला वेळ लागतो, म्हणून मुलगी दहावीत असतानाच सुरुवात करा. बौद्ध मुलांनीही अल्पसंख्याकच्या योजनेकडे बघण्याआधी अनुसूचित जाती व नवबौद्ध यांची भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती बघावी. वसतिगृह न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, तिच्यात दिव्यांगांना गुणांची अट सैल आहे.

आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीची परीक्षा. ही कुठल्या धर्माची नाही आणि म्हणूनच सगळ्यांची आहे. सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं, उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. दिव्यांगांना त्यात आरक्षण आहे. उर्दू शाळांतल्या शिक्षकांनी याची तयारी करून घ्यावी, ही माझी कळकळीची विनंती.

शिष्यवृत्ती पुरली नाही तर कर्ज. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचं शैक्षणिक कर्ज ३ टक्के व्याजाने मिळतं. जामीनदार आणि कागदपत्रांची यादी जिल्हा कार्यालयातून आधी आणा, मगच प्रवेशाची फी ठरवा.

अर्ज भरताना

राष्ट्रीय पोर्टलवर आधी ओटीआर, म्हणजे एकदाच करायची नोंदणी. १४ अंकी क्रमांक मिळतो आणि मोबाइलवर चेहरा दाखवून पडताळणी होते. तो क्रमांक आयुष्यभराचा, वहीत लिहून ठेवा. महाडीबीटीवर आधी प्रोफाइल भरायची, आणि त्यातल्या उत्तरांवरूनच कुठल्या योजना दाखवायच्या ते पोर्टल ठरवतं. धर्म, प्रवर्ग, दिव्यांगत्व, उत्पन्न यांपैकी एक उत्तर चुकलं की ती योजना यादीत येतच नाही, आणि मूल म्हणतं, ‘मला काही योजनाच नाही.’

नेट कॅफेत भरा, हरकत नाही, पण मोबाइल क्रमांक तुमचाच द्या. अर्ज भरून देणाऱ्याचा क्रमांक टाकला की पुढचे सगळे ओटीपी त्याच्याकडे जातात आणि पुढच्या वर्षी तुम्ही त्याला शोधत बसता. पासवर्ड स्वतःच्या हाताने लिहून घ्या. पोर्टलवर अर्जाला शुल्क नसतं. तुम्ही देता ती कॅफेवाल्याची मेहनत. ‘मंजूर करून देतो, टक्केवारी द्या’ म्हणणाऱ्याच्या सावलीलाही उभं राहू नका.

अर्ज ‘सबमिट’ झाला म्हणजे अर्धंच काम झालं. तो आधी कॉलेजच्या लिपिकाकडे, मग प्राचार्यांकडे, मग विभागाकडे जातो. पहिल्या आठवड्यात छापील अर्ज आणि कागदांच्या प्रती घेऊन शिष्यवृत्ती विभागात जा आणि पोच घ्या. लेकीच्या पहिल्या वर्षी आमचा अर्ज ‘त्रुटी’ म्हणून परत आला होता. पोर्टलवर संदेश होता, पण आम्ही बघितलाच नव्हता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी लॉगिन करून बघते. दोन मिनिटं लागतात.

कॉलेजकडून फारच उशीर होत असेल तर प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, तारखेसकट पोच घ्या. त्यानंतर सांगलीचं समाजकल्याण कार्यालय. नंतर आपले सरकारवरची तक्रार. दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश किंवा सवलत नाकारली गेली असेल तर पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे अर्ज करता येतो, साध्या कागदावर.

पैशांखेरीज, पण पैसे वाचवणारं

एसटीत ४० टक्के आणि वर दिव्यांगत्व असलेल्यांना तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. रोज विट्याहून किंवा तासगावहून सांगलीला येणाऱ्या मुलाला वर्षाकाठी ती शिष्यवृत्तीइतकीच पडते. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषद यांना स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेच लागतात. ग्रामसभेत उभं राहून ‘यंदाचा दिव्यांग निधी कशावर खर्चणार’ एवढं विचारा, आणि मुलासाठी काय हवं त्याचा लेखी अर्ज त्याच दिवशी द्या. दहावी-बारावीला लेखनिक आणि जादा वेळ हवा असेल तर शाळेमार्फत बोर्डाकडे आधीच प्रस्ताव जायला हवा, परीक्षेच्या तोंडावर नव्हे.

जैन मुलांनी सांगलीतल्या दक्षिण भारत जैन सभेकडे शिष्यवृत्तीची चौकशी जरूर करावी. आणि कुठल्याही धर्माच्या मुलाने आपल्या कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ आहे का ते विचारावं. कुंभोजच्या जैन घरात जन्मलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले इथे रयत शिक्षण संस्था उभी केली, १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीला बसवणारं वसतिगृह काढलं, आणि ते चालवण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. आपल्या सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत गरीब मुलाने मदत मागण्यात कमीपणा कधीच नव्हता. तुम्हीही संकोच करू नका.

दुसऱ्या वर्षी

नूतनीकरण आपोआप होत नाही. दरवर्षी नवा अर्ज, गेल्या वर्षाचं गुणपत्रक, फीची पावती आणि ज्याची मुदत संपली असेल तो दाखला. वर्ष गेलं तर बहुतेक योजना थांबतात, म्हणून विषय राहिला असेल तर नियम वाचून लगेच कॉलेजशी बोला. आमच्या घरी एक निळी फाइल आहे. तिच्या आतल्या बाजूला लेकीने स्वतःच्या अक्षरात चिकटवलंय: ओटीआर क्रमांक, यूडीआयडी क्रमांक, बँकेचं नाव, आणि खाली लाल शाईने, ‘अम्मी, एप्रिलमध्ये उत्पन्नाचा दाखला.’